जुनी इम्प्रेझा टर्बो घेतलीत? मग निदान या चुका टाळा

इंग्लंडात नोकरीला आलेल्या आपल्या मुलांमध्ये जुनी सुबारू इम्प्रेझा टर्बो घ्यायचं वेड पसरलंय. का, ते कळतं. लहानपणी कॉम्प्युटरवर निळी गाडी, तिच्यावर प्रायोजकाचे पिवळे ५५५ आणि सोनेरी रिम पाहिलेले असतात, १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे याच गाडीतून जगज्जेता झाला हे तोंडपाठ असतं, आणि आता पगार हातात असतो. बॅनबरीच्या प्रोड्राइव्हने रॅलीसाठी तयार केलेली गाडी आणि पोरांना शाळेत सोडणारी चार दारांची सेडान यांचा पाया एकच, ही खरी गंमत. ब्रिटनमध्ये ती १९९४ पासून २००० पर्यंत ‘टर्बो २०००’ नावाने विकली गेली. दोन लिटरचं, आडव्या सिलिंडरांचं बॉक्सर इंजिन, दोनशेच्या वर अश्वशक्ती, ताकद कायम चारही चाकांना.

मग वर्षभरात मला फोन येतो की गाडी फार नाजूक आहे. गाडी जॅकवर चढवली की कारण ठरलेलं असतं: कुठेतरी पैसे वाचवलेत, नाहीतर कुठेतरी घाई केली आहे.

दोनच टायर बदलणं

पुढचे दोन गुळगुळीत झाले, मागचे बरे आहेत, मग दोनच टाकू. साध्या हॅचबॅकला हे खपतं. इथे अजिबात खपत नाही.

इम्प्रेझाच्या गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला मधलं डिफरन्शियल बसवलेलं असतं. पुढे आणि मागे निम्मी-निम्मी ताकद वाटणं हे त्याचं काम. त्याच्या जोडीला असतं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे एका बंद डब्यात पातळ चकत्या आणि त्यांच्यामध्ये दाट सिलिकॉन तेल. पुढची-मागची चाकं एका वेगाने फिरत असली की चकत्या निवांत असतात. फरक पडला की त्या तेल घुसळतात, तेल तापतं, कपलिंग आवळलं जातं आणि घसरणाऱ्या चाकांकडे वाया जाणारी ताकद दुसऱ्या जोडीकडे वळते. हे काम चिखलात, बर्फात, काही क्षणांपुरतं व्हायला हवं.

आता हिशोब बघा. २०५/५० आर १६ टायरचा परीघ साधारण १,९२० मिलिमीटर. नक्षी १ मिलिमीटर झिजली की परीघ सव्वासहा मिलिमीटरने घटतो. पुढे ८ मिलिमीटर नक्षीचे कोरे टायर आणि मागे ३ मिलिमीटर उरलेले जुने, म्हणजे परिघात तीसेक मिलिमीटरचा, दीड टक्क्याहून जास्त फरक. सरळ मोटरवेवरसुद्धा कपलिंगला वाटतं, चाकं घसरतायत. लंडन ते लीड्स ते बिचारं घुसळतच जातं. सुबारूला परिघातला फरक पाव इंचाच्या आत हवा असतो, म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिलिमीटर.

मी चारही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घेतो. दर ऑइल बदलाला पुढचे मागे, मागचे पुढे. जुना संच काढला की त्यातला एक बरा टायर गॅरेजमध्ये टांगून ठेवतो, कारण पंक्चर होऊन एखादा टायर फुकट गेला तर अर्धवट झिजलेल्या संचात कोरा टायर घालून चालत नाही. बायकोला तो टायर डोळ्यांसमोर नको असतो. तिचंही बरोबर आहे.

कपलिंग गेलंय की नाही हे घरच्या घरी कळतं. गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम करा, मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवा, पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिरा. गुळगुळीत फिरली तर ठीक. कुणी मागून धरून ठेवल्यासारखी अडली, उड्या मारल्या, तर कपलिंग जाम झालंय.

पण मी पाहिलेला सगळ्यात संतापजनक किस्सा टायरचा नाही, टोइंगचा आहे. मिल्टन कीन्सला नोकरी करणारा साताऱ्याचा एक मुलगा, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. १९९९ ची गडद निळी टर्बो, एकाच मालकाने जपलेली, हेवा वाटावा अशी. एम१ मोटरवेवर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, गेला आणि गाडी हार्ड शोल्डरला, रस्त्याकडेच्या पट्टीवर, उभी राहिली. मग त्याने त्यातल्या त्यात स्वस्त टोइंगवाला बोलावला. त्याने पुढची दोन चाकं उचलली आणि मागची रस्त्यावर फिरत ठेवून निघाला. मुलाने बिचाऱ्याने सांगितलं होतं की गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. त्यावर उत्तर मिळालं, “न्यूट्रलमध्ये टाक, काही होत नाही.”

न्यूट्रलमध्ये इंजिन सुटतं. पुढची आणि मागची चाकं मधल्या डिफरन्शियलमधून एकमेकांना जोडलेलीच राहतात. पुढची गच्च बांधलेली, मागची पन्नास मैलांच्या वेगाने फिरणारी, आणि मधे ते कपलिंग. घरी पोचेपर्यंत खालून जळका वास येत होता. चार दिवसांनी मला फोन: “काका, अल्टरनेटर बदलला, पण आता वळताना गाडी उड्या मारते. बेल्ट जास्त घट्ट बसलाय का?” अल्टरनेटरचं बिल किरकोळ होतं. मधल्या डिफरन्शियलचं आणि कपलिंगचं नव्हतं. टोइंगवाल्याने हात वर केले, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा फोनवरच स्पष्ट विचारा, फ्लॅटबेड आहे का? चारही चाकं ट्रकच्या फळीवर जाणार असतील तरच गाडी द्या. नाहीतर थंडीत उभं राहा, चहा प्या, दुसऱ्याला बोलवा.

हीच गोष्ट एमओटीच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या वेळी. कायम चारही चाकांवर चालणारी गाडी रोलरच्या ब्रेक टेस्टरवर घालायची नसते, तिचे ब्रेक डिसेलरोमीटर (वेग किती झपाट्याने घटतो ते मोजणारं यंत्र) लावून रस्त्यावर तपासतात. चांगल्या परीक्षकाला हे माहीत असतं. तरी मी काउंटरवर सांगतो आणि शिवाय स्टिअरिंगला चिठ्ठी चिकटवतो. हसतात लोक. हसू देत.

भारतातल्या वाचकांनी हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नये. शेवरोलेच्या नावाने तिकडे विकली गेलेली फॉरेस्टर आतून सुबारूच होती. तिलाही दोन नवे आणि दोन जुने टायर तितकेच बाधतात.

डिपस्टिककडे न बघणं

ही इंजिनं थोडंफार ऑइल खातात. पातळी खाली गेलेली असताना लांब वळणावर दाबून गाडी घेतली, की इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं (संपमधलं) ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि क्रँक व कनेक्टिंग रॉड यांच्या जोडावरचं बिग एंड बेअरिंग कोरडं पडतं. क्षणभर पुरे होतं. त्यानंतर गरम इंजिनावर हलक्या अॅक्सिलरेटरला ठक-ठक सुरू होते. तो आवाज ऐकला की इंजिन बंद करा. ‘घरापर्यंत नेतो, मग बघू’ म्हणणाऱ्यांचा क्रँकसुद्धा जातो आणि कधीकधी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, वाचणं हाही एक वैताग आहे. एका बाजूला भरपूर ऑइल दिसतं, दुसऱ्या बाजूला कमी. मी सकाळी, सपाट जागेवर, इंजिन चालू करण्याआधी बघतो आणि जी बाजू कमी दाखवते तिच्यावर विश्वास ठेवतो. दर रविवारी. पेट्रोल भरतानाची घाईची नजर मोजत नाही.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे पाण्याचा काटा मध्यावर आला की गाडी तापली असं समजणं. पाणी लवकर तापतं, ऑइल बरंच नंतर. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी ३,००० आरपीएमच्या वर जात नाही आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली जादा हवा, मागत नाही. घर जवळ आलं की शेवटचा मैल सावकाश, म्हणजे टर्बोला वेगळं थंड करत बसावं लागत नाही. लोक यासाठी टर्बो टायमर विकत घेतात, चावी काढली तरी इंजिन चालू ठेवणारा. शेवटचा मैल हळू चालवायला पैसे पडत नाहीत, पण पठ्ठ्यांना धीर कुठे?

‘फिस्स’ आवाजाचा मोह

गिअर बदलताना हवा बाहेर सोडणारा डंप व्हॉल्व्ह. गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी बसवलेला असतो. या गाडीत आत येणारी हवा एअरफ्लो सेन्सर मोजतो आणि तेवढ्या हवेपुरतं पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. मोजलेली हवा तुम्ही बाहेर फेकलीत, तरी पेट्रोल ठरल्याप्रमाणे येणारच. मग धूर, झटके, सिग्नलला थांबताना इंजिन बंद. कंपनीने बसवलेला व्हॉल्व्ह तीच हवा परत आत वळवतो. तो मुकाट्याने परत लावा.

ऑइल लावलेला उघडा कोन फिल्टर त्याहून घातक. ते ऑइल त्याच सेन्सरवर बसतं. सेन्सर हवा कमी आहे असं सांगू लागला की पेट्रोल कमी पडतं आणि पूर्ण बूस्टवर पिस्टन वितळतो. मी कागदाचाच मूळ फिल्टर वापरतो आणि सेन्सर संशयास्पद वाटला तर साफ करत बसत नाही, बदलतो.

जपानहून आलेली गाडी, इथलं साधं पेट्रोल

जपानी बाजारातल्या टर्बो इम्प्रेझा, म्हणजे डब्ल्यूआरएक्स आणि एसटीआय, तिथल्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून केलेल्या असतात. इथलं साधं पेट्रोल ९५ चं, २०२१ पासून त्यात इथेनॉलही १० टक्क्यांपर्यंत. पूर्ण बूस्टला नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिनावर आदळणं, होणारच. ९९ चं भरा, आणि जमलं तर इथल्या पेट्रोलप्रमाणे कॉम्प्युटर मॅप करून घ्या. लिटरमागे काही पेन्स वाचवायचे असतील तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. शिवाय या गाड्या बहुधा खालून अंडरसीलशिवाय, म्हणजे गंजरोधक लेपाशिवाय, येतात. इथल्या मिठाच्या रस्त्यांवर पहिल्या हिवाळ्याआधी ते काम करून घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

सिग्नलला ५,००० आरपीएमवर क्लच सोडणं: चारही चाकं पकडतात, टायर घसरत नाही, त्यामुळे सगळा धक्का पाच गिअरच्या बॉक्सवर येतो आणि दात तुटतात.

रॅलीवाले ओढतात तसा हँडब्रेक ओढणं: नवनव्या रॅली गाड्यांत हँडब्रेक ओढताच मागची चाकं ड्राइव्हपासून सोडवायची सोय असते. तुमच्या गाडीत नाही.

टायमिंग बेल्ट ‘अजून चालेल’: तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मी ४५,००० मैलांच्या पुढे जाऊ देत नाही, टेन्शनरही सोबतच बदलतो.

मागून घूं-घूं आवाज: आधी व्हील बेअरिंग बघा, मग डिफरन्शियलला दोष द्या.

मागच्या चाकांवरच्या पत्र्याला रंगाचा बारीक फोड: आतून कुजलाय, वरून रंग मारून घेऊ नका.

कूलंट बदलल्यावर हवा न काढणं: हीटर पूर्ण गरमवर ठेवा, घाई करू नका.

आणि गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर ‘उद्या सकाळी येतो’ म्हणा. सकाळचा पहिला स्टार्ट दाखवायला तो खळखळ करू लागला, तर परत जाऊ नका.