डबक्याकाठी पोटावर: बेडकाचे जवळून फोटो

नवी मुंबईत बेडूक शोधायला खाडीकडे जाऊ नका. होल्डिंग पाँड (खाडीलगतची साठवण तळी), खारफुटी ही फ्लेमिंगोवाल्यांची जागा. खारं पाणी बेडकाच्या पातळ कातडीला सोसत नाही. त्याला गोडं, साचलेलं, उथळ पाणी हवं. मी घणसोलीत राहते. डोंगराच्या पायथ्याशी पावसात भरणारे खड्डे आणि खारघरच्या टेकड्यांखालची गवताळ डबकी मला पुरतात. ठाणेकरांना येऊरचं जंगल जवळ, पण तिथे वनखात्याच्या वेळा पाळा आणि अंधाराआधी परत फिरा. बिबट्याचं घर आहे ते.

सगळ्यात मोठी संधी जूनच्या पहिल्या दणदणीत पावसानंतर. बुलफ्रॉगचे नर तेव्हा हळद लागल्यासारखे पिवळेधम्मक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून भरदिवसा ओरडतात. विणीचा जोर ओसरला की रंग गेला, परत शेवाळी-तपकिरी. या दिवसांत ऑफिसला दांडी मारावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुद्द्याचं. उभ्याने काढलेल्या फोटोत बेडकाची फक्त पाठ येते. कचऱ्याची मोठी काळी पिशवी फाडून अंथरा, पोटावर झोपा आणि लेन्स पाण्याच्या बोटभर वर आणा. मग डोळ्याची सोनेरी कड, आडवी बाहुली आणि खाली पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं एका रेषेत मिळतं. फोन असेल तर तो उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली जाते. कोपर टेकण्याआधी गवत काठीने चाळवून बघा. बेडकांमागे दिवड येतेच. ती बिनविषारी, पण फुरसं तसं नाही.

तुम्ही पोचलात की सगळी डराव डराव एकदम बंद होईल. होऊ दे. बेडकाला हलणारी गोष्ट आधी दिसते, म्हणून पडून राहा. आधी लांबचा एखादा सुरू होतो, मग त्याच्या शेजारचा, आणि तुमच्या समोरचा बहुतेक सगळ्यात शेवटी. ते ओरडत असताना इंच इंच सरका, थांबले की थांबा.

पिशवी फुगलेली टिपायची तर तिच्याकडे बघत बसू नका, कुशीकडे बघा. ओरडण्याआधी बेडूक फुप्फुसं भरून घेतो, त्यामुळे अंग दोन्ही बाजूंनी टम्म होतं. मग तीच हवा गळ्याच्या पिशवीत जाते आणि परत फिरते. कुशी फुगल्या की बटण दाबून धरा, बर्स्टवर, म्हणजे एकामागोमाग फोटो निघतात. नुसता गळा भराभर थरथरतोय तो श्वास. त्यावर कार्ड भरू नका.

१०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो (जवळून टिपणारी) लेन्स बरी, अंतर राखता येतं. फोकस जवळच्या डोळ्यावर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते ११, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास. ओल्या कातडीवर उघडा फ्लॅश पांढरे ठिपके पाडतो, फ्लॅशवर बटर पेपर लावा. ढगाळ सकाळ असेल तर फ्लॅश घरीच ठेवा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून येताना एसी बंद.

बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवायचा नाही. तो कातडीतून श्वास घेतो, आणि आपल्या हाताला ओडोमॉस असतंच. फोटोसाठी बेडूक फ्रिजमध्ये गार करणारेही असतात. त्यांच्याशी मी बोलत नाही. पाण्यावरच्या फांदीला पांढरा फेस लटकलेला दिसला तर ते झाडबेडकाचं घरटं. फांदी वाकवू नका. पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडायची असतात.

पायाला जखम असेल तर त्या दिवशी डबक्यात उतरूच नका, लेप्टोचे (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) दिवस असतात. आणि एका डबक्यावरून दुसऱ्यावर जाताना गमबूट घासून, धुऊन, खडखडीत वाळवून घ्या. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलाबरोबर जाते, आणि पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडलेली आहे.