जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवताय? आधी हे बघा

दुकानात जाऊन नुसतं "८ जीबी रॅम द्या" म्हणू नका, आधी जुन्या लॅपटॉपमध्ये काय बसलंय ते बघा. विंडोजवर सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाका, त्यात मेमरी आणि एसपीडी टॅबमध्ये टाइप, स्पीड, स्लॉट सगळं दिसतं, किंवा सरळ मागचं झाकण उघडून स्टिकर वाचा. त्यावर पीसी३ असेल तर रॅम डीडीआर३ प्रकारची, पीसी३एल असेल तर डीडीआर३एल, आणि इथेच बरेचजण फसतात कारण दोन्ही २०४ पिनच्या, खाच पण सेम, बसतात पण आरामात, फक्त डीडीआर३ १.५ व्होल्टची नि डीडीआर३एल १.३५ ची. इंटेलच्या चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपला १.३५ वालीच लागते, दुसरी लावली तर बहुतेकदा चालूच होत नाही. उलट पीसी३एल सहसा दोन्हीकडे चालते, म्हणून मी तीच घेतो. स्पीड जास्तीची घेतली तरी हरकत नाही, ती खाली येऊन चालते. मॅक्झिमम किती जीबी चालेल ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि हो, विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरचे पैसे पाण्यात! लावायच्या आधी चार्जर नि बॅटरी दोन्ही काढा.