थर्मल गनने ताप मोजताना आकडा चुकतो कुठे?

कपाळासमोर गन धरायची, बटण दाबायचं, आकडा आला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्याकडे पण तसंच चाललं होतं, मग एकदा मुलगा तापाने फणफणलेला, हात लावला तरी चटका बसतोय आणि गन दाखवतेय ९४, तीन वेळा मोजलं तरी तेच. शेवटी बघितलं तर मोडच चुकीचा होता. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, मोड बघा.

बहुतेक गनमध्ये दोन मोड असतात, एक बॉडी आणि एक सरफेस (काहींवर ऑब्जेक्ट लिहिलेलं असतं). गन आपल्या शरीरात काही सोडत नाही, त्वचेतून जे इन्फ्रारेड किरण बाहेर पडतात तेवढे फक्त ती टिपते. आता कपाळाची कातडी आतल्या शरीरापेक्षा थंड असते, त्यामुळे बॉडी मोडमध्ये मशीन स्वतःच हिशोब करून आतलं तापमान दाखवतं आणि सरफेस मोडमध्ये नुसतं कातडीचं. दुधाची बाटली नाहीतर आंघोळीचं पाणी बघायला सरफेस मोड घेतला असेल आणि परत बदलायचा राहिला तर ताप असूनही आकडा कमीच येणार. तसंच एकक पण बघून घ्या, ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट, आणि साधारण इथून पुढे ताप धरतात.

दुसरं म्हणजे घाई करू नका. माणूस उन्हातून आला, पळून आला, तोंड धुवून आला किंवा एसीत बसून आला की लगेच मोजायचं नाही. १५-२० मिनिटं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, शांत बसू द्या. टोपी, रुमाल काढा, केस मागे घ्या, घाम असेल तर कोरड्या कपड्याने टिपून थोडं थांबा, कारण घाम वाळताना कातडी थंड होते आणि आकडा खाली येतो. कपाळावर ओली पट्टी ठेवली असेल तर ती काढल्या काढल्या मोजून काहीच उपयोग नाही. आणि हो, गनलाही वेळ लागतो, थंड खोलीतून गरम खोलीत आणली तर तिलाही १०-३० मिनिटं तिथेच ठेवा मग वापरा.

आता धरायची कशी. कपाळाच्या मधोमध, भुवयांच्या जरा वर, अगदी सरळ समोर, तिरकी नाही. अंतर बऱ्याच गनला ३ ते ५ सेंटीमीटर लागतं पण काहींना जास्त चालतं, त्यामुळे आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय दिलंय ते एकदा नक्की वाचा. लांब धरली की कपाळासोबत केस, भिंत सगळंच त्यात येतं. बटण दाबून बीप होईपर्यंत हात हलवू नका, समोरच्यालाही हलू देऊ नका. थोडं थोडं थांबून दोन-तीनदा मोजा, आकडे जवळजवळ सारखे आले तर ठीक, खूप फरक आला तर कुठेतरी चुकतंय. बॅटरी लो असेल तर आधी ती बदला.

मनगटावर मोजू नका. गनचा तो हिशोब कपाळासाठी केलेला असतो, हात बऱ्याचदा थंडच असतात.

समोरची काच बोट लागून तेलकट होते, त्यावर धूळ बसते, आणि याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तर कापसाला थोडं स्पिरिट लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, पाण्याखाली धरू नका.

कारखान्यात मशीनचं तापमान बघायला लेझरचा लाल ठिपका पडणारी गन असते ती माणसांवर वापरू नका, ती तापासाठी बनवलेलीच नाही आणि लेझर डोळ्यात गेला तर त्रास होईल.

आकडा आणि माणसाची अवस्था जुळत नसेल तर साध्या डिजिटल थर्मामीटरने काखेत किंवा तोंडात परत मोजा. गन नॉर्मल दाखवतेय म्हणून मलूल पडलेल्या पोराला घरी ठेवू नका, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा वर आला तर पुन्हा पुन्हा मोजत बसण्यापेक्षा लगेच डॉक्टरकडे न्या.