बिझनेस ॲनालिस्टच्या कामातून प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे कसे वळावे

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतील ज्या कंपन्या परदेशी बँका आणि विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करून देतात, तेथे बिझनेस ॲनालिस्टचे काम बहुधा आखलेले असते. क्लायंटकडून रिक्वायरमेंट समजून घ्यायची, ती नेमकी लिहून काढायची, डेव्हलपरांच्या शंका सोडवायच्या, यूएटी म्हणजे वापरणाऱ्यांकडून होणारी अंतिम चाचणी पार पाडायची आणि साइन-ऑफ, म्हणजे क्लायंटची अंतिम मंजुरी, घ्यायचा. चार-पाच वर्षे हे काम चोख केल्यावर अनेकांना प्रॉडक्ट मॅनेजर व्हावेसे वाटते आणि त्यांपैकी बरेच जण सुरुवात करतात ती एखाद्या महागड्या कोर्सने. माझ्या मते सुरुवात तेथून करू नये. लिहिणे, ऐकणे, गुंता सोडवणे ही कौशल्ये या मंडळींकडे आधीच असतात. त्यांनी आजवर घेतलेली नसते ती निर्णयाची जबाबदारी. मागितलेली गोष्ट बरोबर तयार झाली का, याचे उत्तर ॲनालिस्ट देतो. ती मुळात करायला हवी होती का आणि केल्यावर वापरणाऱ्याचे काय बदलले, याचे उत्तर प्रॉडक्ट मॅनेजरला द्यावे लागते.

म्हणून प्रथम आपल्या सध्याच्या कामाकडे प्रामाणिकपणे पाहावे. अनेक प्रकल्पांत ॲनालिस्टला ‘प्रॉडक्ट ओनर’ म्हटले जाते. स्क्रम या कार्यपद्धतीच्या मार्गदर्शिकेनुसार, म्हणजे स्क्रम गाइडनुसार, प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असते, समिती नव्हे, आणि उत्पादनाचे मूल्य वाढवण्याची जबाबदारी तिचीच असते. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, आधी काय घ्यायचे हे जर क्लायंटचा माणूस फोनवर सांगत असेल आणि आपण ते केवळ नोंदवत असू, तर पदाचे नाव काहीही असले तरी ही जबाबदारी आपल्याकडे आलेली नाही.

जुने काम पुन्हा उघडावे

आपण लिहिलेली आणि गो-लाइव्ह झालेली, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आलेली, तीन फीचर निवडावीत आणि ती आज किती लोक वापरतात हे शोधावे. सपोर्ट टीमकडील तिकिटे पाहावीत, डेटा पाहण्याची परवानगी असेल तर स्वतः क्वेरी लिहावी; डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, म्हणजे साधे एसक्यूएल, येत नसेल तर ते आधी शिकावे. मग प्रत्येक फीचरवर एक पान लिहावे: अडचण कोणाची होती, दुसरे कोणते मार्ग होते, ते का सोडले आणि शेवटी काय घडले. पहिल्या प्रयत्नात ‘काय घडले’ हा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो. तो भरण्यासाठी जी विचारपूस करावी लागते, तेथूनच नव्या कामाचा सराव सुरू होतो.

आकड्यांमागचा निर्णय ओळखावा

यासाठी रोज हातात असलेले यूपीआय हे उत्तम उदाहरण आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने (एनपीसीआय) २०१६ मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत अयशस्वी व्यवहारांचे दोन प्रकार मोजले जातात. चुकीचा पिन, अपुरी शिल्लक किंवा ओलांडलेली मर्यादा यांमुळे नाकारलेला व्यवहार ‘बिझनेस डिक्लाइन’ समजतात, तर बँकेची किंवा जाळ्याची यंत्रणा बंद पडल्यामुळे अडलेला व्यवहार ‘टेक्निकल डिक्लाइन’. चांगला ॲनालिस्ट प्रत्येक एरर कोडसाठी अचूक संदेश लिहील. प्रॉडक्ट मॅनेजरने आधी विचारायला हवे की यांतील कोणती अडचण सर्वांत जास्त लोकांना छळते आणि तिच्यातील किती भाग आपल्या हातात आहे. बँकेचा सर्व्हर ॲप बनवणाऱ्याच्या ताब्यात नसतो, पण त्या बँकेची सेवा सध्या विस्कळीत आहे हे पैसे पाठवण्याआधीच सांगणे त्याला शक्य असते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटने याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. छोट्या रकमांसाठी पिन लागत नाही आणि दर वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जावेही लागत नाही. संदेश सुधारण्यापेक्षा ती फेरीच वाचवावी, असे सुचायला रिक्वायरमेंटच्या कागदाबाहेर पाहावे लागते.

वापरणाऱ्यांशी थेट बोलावे

ॲनालिस्टला भेटतो तो क्लायंटचा प्रतिनिधी; प्रत्यक्ष वापरणारा क्वचितच. ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्या गल्लीतील किराणा दुकानदार, मेडिकलवाले, भाजीवाल्या मावशी अशा पाच-सहा जणांशी बोलावे. ‘असं फीचर दिलं तर वापराल का?’ असे विचारू नये, कारण भिडेखातर सगळेच हो म्हणतात. ‘मागच्या वेळी पैसे अडकले तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असे विचारले की घडलेली हकीगत हाती लागते. ही माणसे त्यांच्या भाषेत आपल्याशी मोकळेपणाने बोलतात, हे आपले मोठे भांडवल आहे.

नाही म्हणायला शिकावे

सर्वांत अवघड पायरी हीच आहे, कारण सेवा कंपनीत प्रत्येक चेंज रिक्वेस्टमागे, म्हणजे क्लायंटने मागितलेल्या बदलामागे, बिलिंग असते आणि प्रत्येक मागणीचे स्वागत करणे अंगवळणी पडलेले असते. सराव म्हणून आपल्या बॅकलॉगमधील चाळीस गोष्टींतून तीन निवडाव्यात आणि वगळलेल्या प्रत्येकीसमोर एका वाक्यात कारण लिहावे. ते कारण आपल्याच टीममधल्या अनुभवी डेव्हलपरला पटते का, हे पाहावे.

प्रत्यक्ष बदल

पहिली संधी शक्यतो आपल्याच कंपनीत, एखाद्या अंतर्गत साधनावर किंवा प्लॅटफॉर्मवर शोधावी. बाहेर जायचे झाल्यास आपले क्षेत्र सोडू नये; विम्याच्या क्लेमवर पाच वर्षे काम केलेल्या माणसाची विमा तंत्रज्ञान कंपनीला खरी गरज असते. असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर किंवा प्रॉडक्ट ॲनालिस्ट हे पद मिळाले आणि पगार फारसा वाढला नाही, तरी मी ते घ्यायला सांगेन. अनेक कंपन्यांत नोटीस ९० दिवसांची असते, म्हणून मुलाखती सुरू करण्यापूर्वीच नेमणूक पत्रातील अटी नीट वाचाव्यात. बिझनेस ॲनालिस्टसाठीच्या सीबीएपी या प्रमाणपत्रासाठी ७,५०० तासांचा अनुभव लागतो आणि त्याचा मान ॲनालिस्टच्या व्यवसायात मोठा आहे, परंतु निर्णय घेतल्याचा पुरावा म्हणून ते पुढे करू नये.

बायोडेटात किती यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून मांडलेल्या छोट्या मागण्या) लिहिल्या हे सांगण्याऐवजी कोणती अडचण ओळखली, काय सुचवले आणि काय बदलले हे लिहावे. क्लायंटचे नाव आणि गोपनीय आकडे मात्र बाहेर काढू नयेत. मुलाखतीत एखादे ॲप सुधारायला सांगितले, की आपली जुनी सवय आड येते आणि आपण समोरच्यालाच रिक्वायरमेंट विचारत बसतो. दोन-तीन नेमके प्रश्न विचारून आपले गृहीतक उघडपणे मांडावे आणि एक बाजू घ्यावी. शेवटी आपणही विचारावे की येथे बॅकलॉगचा क्रम कोण ठरवतो आणि मागच्या तिमाहीत कोणती मागणी नाकारली गेली. सेल्सकडून यादी येते आणि ती पूर्ण करायची असते, असे उत्तर मिळाले तर ती नोकरी स्वीकारण्याआधी पुन्हा विचार करावा.