आफ्टरटच: पट्टी दाबल्यानंतरचा दाब आवाजात कसा उतरवावा

कीबोर्डची पट्टी किती वेगानं खाली गेली हे व्हेलॉसिटी सांगते, आणि ते सूर उमटतानाच ठरून जातं. पट्टी तळाला टेकल्यावर बोट जो जादा दाब देतं तो आफ्टरटच. म्हणजे तो नेहमी सूर सुरू झाल्यानंतरच येतो आणि बोट उचललं की शून्यावर जातो. व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंटमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या वाद्यात) त्याला काम नेमून देताना हे विसरलं, की सगळं बिघडतं.

आधी मिडी मॉनिटर (कीबोर्ड कॉम्प्युटरला पाठवतो ते मिडी संदेश दाखवणारी खिडकी) उघडा आणि पट्टी दाबून धरा. 0 ते 127 मधले आकडे पळताना दिसले पाहिजेत. काहीच दिसत नसेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आफ्टरटच बंद आहे का बघा. तिथे तो पर्यायच नसेल तर बहुधा कीबोर्डला सेन्सरच नाही, मग प्लगइन (म्हणजे ते व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट) बदलत बसू नका.

आकड्यासोबत नोटही दिसते का ते पाहा. बहुतेक कीबोर्ड चॅनल प्रेशर पाठवतात: एका बोटानं दाब दिला की त्या चॅनलवरचा (मिडीच्या त्या वाटेवरचा) अख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सगळे सूर, हलतो. प्रत्येक पट्टीचा वेगळा दाब पाठवणारा तो पॉलिफोनिक आफ्टरटच. यामाहा सीएस-80 वर तो 1977 सालीच होता, आणि 1983 च्या मिडीमध्ये दोन्ही संदेशांची सोय आहे. तुमचा प्लगइन यातला कोणता ऐकतो हे त्याच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आता काम नेमा. सिंथ असेल तर मॉड्युलेशन मॅट्रिक्समध्ये (कशानं काय हलवायचं ते ठरवणाऱ्या तक्त्यात) सोर्स आफ्टरटच, डेस्टिनेशन फिल्टर कटऑफ, म्हणजे फिल्टर किती उघडा ते ठरवणारी मर्यादा. व्हायब्रेटो हवा असेल तर दाब थेट पिचला जोडू नका, सूर नुसता वर चढेल. एलएफओची (सूर मंद गतीनं वर-खाली हलवणाऱ्या लहरीची) खोली दाबावर सोडा.

ऑर्केस्ट्राच्या सॅम्पल लायब्ररी बऱ्याचदा सीसी 1 आणि सीसी 11 वर (मिडीचे क्रमांकानं ओळखले जाणारे कंट्रोल संदेश; 1 मॉड व्हीलचा, 11 एक्स्प्रेशनचा, म्हणजे आवाज लहान-मोठा करण्याचा) चालतात, आफ्टरटच त्यांच्या कानावरही जात नाही. डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) आफ्टरटचचं सीसीत रूपांतर करता येतं, पण सीसी 11 वर 0 ते 127 असं जसंच्या तसं टाकलंत तर दाब नसताना बऱ्याच लायब्ररी मुक्या होतात. खालची मर्यादा 60-70 वर ठेवा. आणि मॉड व्हील व आफ्टरटच दोघांनाही एकाच सीसीवर बसवू नका. शेवटचा आकडा ज्याचा, त्याचं चालतं, आणि आवाज उड्या मारतो.

खरी मेहनत कर्व्हवर आहे, म्हणजे किती दाबाला किती परिणाम ते ठरवणाऱ्या रेघेवर. ‘सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. तसं केलं की साधं जोरात वाजवतानाही फिल्टर उघडत राहतो. त्यापेक्षा आफ्टरटचचा विचार न करता दोन मिनिटं तुमच्या नेहमीच्या हातानं वाजवा आणि मॉनिटरमध्ये आकडा कुठवर जातो ते टिपा. माझा 25 पर्यंत जातो, म्हणून 30 च्या खालचं सगळं मी शून्य धरतो. मग मनगट न ताणता चार सेकंद दाबून धरा. जो आकडा टिकतो, तिथेच परिणाम पूर्ण व्हायला हवा. दर वेळी 127 गाठायचा अट्टहास केलात तर बोटं दुखतील, दुसरं काही नाही. या दोन टोकांच्या मध्ये कर्व्ह आधी संथ, मग चढता ठेवा.

एवढं करूनही माझे पॅडचे (लांब, संथ आवाजाचे) कॉर्ड शेवटी गिळल्यासारखे वाटायचे. कित्येक दिवस मी एन्व्हलपचा रिलीज (पट्टी सुटल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) वाढवत बसलो होतो. शेवटी रेकॉर्ड केलेली मिडी मोठी करून पाहिली: दाबाची रेघ 90 वरून सरळ शून्यावर कोसळत होती, आणि नोट-ऑफ (पट्टी सुटल्याचा संदेश) त्याच्यानंतर, किंचित उजवीकडे. बोट उचलताना दाब आधी जातो आणि पट्टी नंतर सुटते. सुराची शेपूट सुरू होईपर्यंत फिल्टर मिटलेला असायचा. रिलीज कितीही वाढवा, मिटलेल्या फिल्टरमागे तो ऐकू येणारच नाही.

उपाय एकच: दाब चढताना झटपट आणि उतरताना सावकाश. प्लगइनमध्ये स्ल्यू किंवा लॅग (आकड्याचा बदल सावकाश करणारी सोय) असेल आणि चढ-उताराच्या वेळा वेगळ्या लावता येत असतील तर चढायला 20-30 मिलिसेकंद, उतरायला 400 च्या आसपास द्या आणि मग कानानं ठरवा. चढतानाच्या त्या थोड्या लॅगमुळे रेझोनन्स (फिल्टरच्या कटऑफपाशी आवाज उठावदार करणारं सेटिंग) जास्त असताना ऐकू येणारी पायऱ्या-पायऱ्यांची खरखरही कमी होते. वेगळ्या वेळा लावता येत नसतील तर रेकॉर्डिंगनंतर ती कोसळणारी रेघ हातानं ओढून नोट-ऑफच्या पुढे न्या. कंटाळवाणं काम आहे, पण हळू चालीच्या तुकड्यात मी ते कधीच टाळत नाही.

रेकॉर्डिंग थांबवण्याआधी बोट उचला. दाब दिलेला असतानाच थांबवलंत तर शेवटचा आकडा तसाच अडकून राहू शकतो आणि पुढचे सूर विनाकारण थरथरतात. तसं झालंच, तर क्लिपच्या शेवटी आफ्टरटचचा एक शून्य टाका.