स्पेशालिस्टकडून पोर परत नेहमीच्या डॉक्टरकडे येतंय? या चुका टाळा

स्पेशालिस्टच्या ओपीडीत थोडा वेळ बसून बघा, अशी बरीच पोरं दिसतील ज्यांना तिथे यायची आता गरजच उरलेली नाही. दमा वर्षभर शांत आहे, शौचाचा त्रास केव्हाच सुटलाय, तरी दर काही महिन्यांनी तारीख मिळते आणि आईबाप शाळा-नोकरी बुडवून येतात, कारण ‘फॉलोअप चालू ठेवा’ असं कोणीतरी कधीतरी लिहिलं होतं आणि ‘आता पुरे’ म्हणायचं काम कोणाचंच नव्हतं. तेव्हा अशी पोरं परत पाठवायलाच हवीत, त्यात वाद नाही. गडबड होते ती पाठवायच्या पद्धतीत. पोर एका दारातून बाहेर पडतं पण त्याची जबाबदारी दुसऱ्या दारातून आत गेलीच नाही, असं होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक स्पेशालिस्टने नेहमीच्या डॉक्टरांना लिहिलेल्या चिठ्ठीत असते. ‘स्टेबल आहे, पुढचा फॉलोअप तुमच्याकडे.’ बास. आता फॉलोअप म्हणजे नक्की काय करायचं? समजा बाळाला जन्मापासून थायरॉईड कमी आहे, तर पहिल्या वर्षात रक्त तपासणी बरीच जवळजवळ लागते, 1 ते 3 वर्षांत साधारण दर 3-4 महिन्यांनी, नंतर वाढ पूर्ण होईपर्यंत 6 ते 12 महिन्यांनी, आणि थायरॉईडच्या गोळीसोबत त्याच वेळी लोह किंवा कॅल्शियम दिलं तर गोळी नीट शोषली जात नाही. हे सगळं चिठ्ठीत पाहिजे. कोणतं औषध, कशासाठी, कधीपर्यंत, पुढची तपासणी कधी, आणि काय दिसलं की परत पाठवायचं. शेवटचं तर हमखास राहतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नेफ्रोटिकच्या (किडनीतून लघवीत प्रोटीन गळायचा आजार) पोराच्या आईला ‘सूज आली तर या’ सांगून काय होणार, सूज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सकाळच्या लघवीत बुडवायच्या तपासणी पट्टीवर सलग 3 दिवस प्रोटीन 3+ आलं तर आजार उलटलाय समजा आणि लगेच फोन करा, असा आकडाच हातात द्यायचा, आईच्याही आणि डॉक्टरांच्याही.

दुसरी चूक, एकाच दिवशी औषधही कमी करायचं आणि पोरही सोपवायचं. दम्यात हे फार होतं. साधारण 3 महिने चांगला कंट्रोल असेल तर पंपाचा डोस एक पायरी कमी करायचा विचार करता येतो, पण डोस कमी केल्यावर काही आठवडे बघावं लागतं ना? ते बघायच्या आधीच पोर दुसरीकडे गेलं, तिकडे खोकला सुरू झाला, मग तो डोसमुळे की सर्दीमुळे की नवीन ठिकाणी कोणी पंप घ्यायची पद्धत तपासलीच नाही म्हणून, कोणालाच कळत नाही, आणि शेवटी एक खोकल्याचं सिरप, एक अँटिबायोटिक. आधी डोस बदला, पोर स्थिर झालेलं बघा, मग सोपवा.

आणि ज्यांच्याकडे पोर आलंय त्या डॉक्टरांनी दर भेटीत गेल्या 4 आठवड्यांचं विचारायचं: रात्री जाग येते का, खेळताना थांबावं लागतं का, आठवड्यात 2 पेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास होतोय का किंवा आरामाचा (त्रास झाल्यावरच घ्यायचा) पंप लागतोय का. एकाचं जरी ‘हो’ आलं तर औषध वाढवायच्या आधी समोर पंप घ्यायला लावा, स्पेसर (पंपाला लावायची नळी) वापरतात की तो कपाटात पडलाय ते बघा. बऱ्याचदा गाडी तिथेच अडकलेली असते.

डोसवरून आठवलं. पोरं वाढतात, प्रिस्क्रिप्शन वाढत नाही! 12 किलोला लिहिलेला डोस 18 किलोला तसाच चालू, कारण प्रत्येकाने फक्त ‘रिपीट’ लिहिलं. उलटही असतं बरं का, कधीकधी स्पेशालिस्टने मुद्दामच डोस वाढवलेला नसतो, पोराचं वजन वाढत जाऊन औषध वजनाच्या मानाने आपोआप कमी होत जावं म्हणून. हे चिठ्ठीत नसेल तर नवीन डॉक्टर वजनाप्रमाणे डोस चढवून ठेवणार, त्यांची काय चूक. आणि सिरपचा डोस नुसता ‘5 मिली’ असा लिहू नका, मिलिग्रॅम लिहा. एकाच औषधाच्या दोन बाटल्यांची ताकद वेगळी असते.

बद्धकोष्ठतेत वेगळाच गोंधळ. पोर रोज जायला लागलं की घरचे आणि डॉक्टर दोघेही म्हणतात सवय लागेल, पावडर बंद करा. मॅक्रोगोलची (मळ मऊ ठेवणारी हीच पावडर) तशी सवय लागत नाही, पण लवकर बंद केलं की मळ परत साठतो. नियमित व्हायला लागल्यावरही पुढे काही आठवडे ते महिने द्यायचं आणि मग हळूहळू कमी करायचं. त्यात पोराची चड्डी पातळ मळाने खराब व्हायला लागली की लोकांना वाटतं जुलाब होतायत, म्हणून तीच पावडर थांबवतात. आत घट्ट साठलेल्या मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपत असतो तो, म्हणजे औषध जास्त नाही, कमी पडतंय. पोट तपासल्याशिवाय पावडर बंद करू नका.

लसींचं काय होतं, दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय. स्टेरॉईड रोज किलोमागे 2 मिग्रॅ किंवा एकूण 20 मिग्रॅच्या वर 14 दिवस किंवा जास्त चालली असतील तर जिवंत लसी (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या) स्टेरॉईड बंद केल्यावर निदान 4 आठवडे थांबवतात. कावासाकीसाठी (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा तापाचा आजार) शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडी) दिलं असेल तर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजण्यांची लस 11 महिने पुढे जाते. पुढे गेलेली लस मग राहूनच जाते, तर ‘लस अमुक महिन्यानंतर द्या’ अशी तारीख घालून लिहा. कमी दिवसांच्या बाळांचं याच्या उलट, लस जन्मतारखेच्या वयाप्रमाणेच, पण विकास बघायचा तो 2 वर्षांपर्यंत दुरुस्त वयाने, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या. हे दोन्ही एकमेकांत मिसळलं की बाळ उगाच मागे पडलंय असं वाटतं नाहीतर लस उगाच लांबते.

पेंडिंग रिपोर्ट: ज्याने तपासणी लिहिली त्यानेच रिपोर्ट बघून कळवायचा. यात चर्चा नको.

हृदयातला निरुपद्रवी आवाज असेल तर स्पष्ट लिहा की हृदय निरोगी आहे, खेळावर बंधन नाही, दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक नको. नाहीतर पुढचा डॉक्टर स्टेथो लावणार, आवाज ऐकणार आणि पोर परत त्याच ओपीडीत.

आईबापांना हे शेवटच्या भेटीत, उठता उठता सांगतात, तेही चुकतंच. ‘आम्हाला काढून टाकलं’ असंच वाटणार ना. एक भेट आधी सांगा, आणि नेहमीच्या डॉक्टरांकडची पहिली तारीख ठरल्याशिवाय इथली फाईल बंद करू नका. टाईप 1 डायबिटीस, फिट कंट्रोलमध्ये नसलेली पोरं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेली पोरं मात्र पूर्ण सोपवायची नसतातच, तिथे दोघांनी मिळून बघायचं.

एवढं करूनही अडतंच. तापात साधी फिट येऊन गेलेलं पोर परत पाठवलं आणि दुसऱ्या तापात पुन्हा फिट आली, की घरचे थेट स्पेशालिस्टकडे धावतात. 6 महिने ते 5 वर्षं वय, फिट सगळ्या अंगाला, 15 मिनिटांच्या आत थांबलेली, 24 तासांत एकदाच, अशा फिट आलेल्या साधारण तीनातल्या एका पोराला पुन्हा येते, हे आधीच सांगून ठेवलेलं असेल तर घाबरगुंडी कमी होते. ताप कशाचा आहे हे डॉक्टरने त्याच दिवशी बघायचं, साध्या फिटला सरसकट ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) लागत नाही. फिट 5 मिनिटांत थांबली नाही तर मात्र इमर्जन्सी, तेव्हा कोणाच्या चिठ्ठीची वाट बघायची नाही.

आणि पोर चिठ्ठीशिवायच आलं तर? अंदाजाने औषधं चालू ठेवू नका, पण फिटची औषधं किंवा स्टेरॉईड एकदम बंदही करू नका. घरातल्या सगळ्या बाटल्या-गोळ्या मागवा, वजन घ्या, आणि आईबाप समोर असतानाच त्या ओपीडीला फोन लावा.