जुन्या फोटोतलं विमान ओळखताय? या चुका टाळा

‘एअर इंडियाचं डकोटा, जुहू, १९५५.’ जुन्या फोटोंखाली अशी ओळ सर्रास सापडते. यातली एक गोष्ट जवळपास नक्की चुकीची असते आणि दुसरी संशयास्पद. तरी ती ओळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उचलली जाते, आणि पाच वर्षांनी तीच ‘पुरावा’ म्हणून समोर येते.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पंधरा-सोळा वर्षं प्रोपेलरच्या प्रवासी विमानांची होती. या काळातला फोटो हातात आला तर पाहण्याचा क्रम असा ठेवा: आधी विमानाचं अंग, म्हणजे पंख, शेपूट, खिडक्या, इंजिनं. मग अंगावर रंगवलेली नोंदणीची अक्षरं (भारतीय विमानांची ‘व्हीटी’ने सुरू होतात). त्यानंतर कंपनीचं नाव. फोटोखालची ओळ सगळ्यात शेवटी. बहुतेकजण नेमका उलटा क्रम धरतात.

‘एअर इंडिया’ वाचलं आणि विषय संपला

‘एअर इंडिया’ या एका नावाखाली त्या काळात दोन वेगळ्या कंपन्या होत्या. टाटा एअरलाइन्सची २९ जुलै १९४६ ला ‘एअर इंडिया’ झाली. ती मुख्यतः देशांतर्गत उडायची. परदेशी मार्गांसाठी १९४८ मध्ये ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ ही वेगळी कंपनी निघाली, आणि ८ जून १९४८ ला तिचं पहिलं विमान, चार इंजिनांचं कॉन्स्टलेशन, मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. १ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा देशांतर्गत एअर इंडिया इतर सात कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली. ‘इंटरनॅशनल’ मात्र स्वतंत्र महामंडळ म्हणून राहिली आणि तिच्या नावातला हा शब्द १९६२ मध्ये गळला.

याचा फोटोपुरता अर्थ सरळ आहे. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानावर नुसतं ‘एअर इंडिया’ असेल तर फोटो ऑगस्ट १९५३ च्या आधीचा, किंवा फार तर रंगकाम व्हायचं राहिलेलं असताना त्यानंतर काही काळातला. ‘१९५५’ लिहिलं असेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका.

दोन इंजिनं, मागे चाक, म्हणजे डकोटा

नऊ वेळा बरोबर, दहाव्यांदा व्हायकिंग. लांबीवरून फसायला होतं, कारण डीसी-३ (म्हणजेच डकोटा) साडेचौसष्ट फूट आणि व्हिकर्स व्हायकिंग पासष्ट फूट. पण डीसी-३ चा पंख पोटाखाली बसतो. व्हायकिंगचा पंख अंगाच्या मध्याजवळून आरपार जातो, इतका की त्याची मुख्य तुळई आत प्रवाशांच्या पायात यायची. व्हायकिंगचं अंग बुटकं आणि गरगरीत दिसतं, कारण पंखांचा पसाराही कमी आहे: ८९ फूट, डीसी-३ चा ९५. पंखे (प्रोपेलर) थांबलेले असतील तर काम आणखी सोपं. डीसी-३ ला तीन पाती, व्हायकिंगला चार. उडतानाच्या फोटोत डीसी-३ ची चाकं आत घेतल्यावरही अर्धी बाहेर डोकावतात.

आता खुद्द डकोटा. नागरी वापरासाठी म्हणून कारखान्यातून बाहेर पडलेली डीसी-३ सहाशेच्या आसपासच होती. युद्धासाठी बनलेली सी-४७ आणि तिची भावंडं दहा हजारांच्या घरात. युद्ध संपल्यावर ही लष्करी विमानं मोडीच्या भावात विकली गेली. जगभरच्या नव्या कंपन्यांनी ती घेतली, आपल्याकडच्यांनीही. त्यामुळे वेळापत्रकात ‘डीसी-३’ छापलेलं असलं तरी विमानतळावर उभं असलेलं विमान बहुधा जुनं सी-४७ असायचं. ओळखायचं कसं? डाव्या बाजूला, पंखामागे, मालाच्या रुंद दुहेरी दाराची चौकट शोधा. कंपन्यांनी त्यातच प्रवाशांचं लहान दार बसवलं, पण जुन्या चौकटीची रेघ पत्र्यावर राहते. ऊन तिरपं असलेल्या फोटोत ती छान दिसते.

प्रवाशांचं दार उजवीकडे दिसलं तर घाईने ‘फोटो उलटा छापलाय’ म्हणू नका. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काही डीसी-३ ना दार उजवीकडेच होतं, आणि सोव्हिएत बनावटीच्या ली-२ लाही. आधी अक्षरं तपासा.

चार इंजिनांचं डग्लस: खिडक्या आणि पाती मोजा

डीसी-४, डीसी-६, डीसी-७ ही डग्लस कंपनीच्या एकाच वंशावळीतली असल्याने घोळ होणारच. डीसी-४ मध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती; तिच्या खिडक्या गोलाकार, लंबगोल अंगाच्या, आणि उभ्या शेपटीचा माथाही गोल. डीसी-६ च्या खिडक्या चौकोनी, माथा कापल्यासारखा सपाटसर. डीसी-६ आणि डीसी-६बी मध्ये फरक पाच फूट लांबीचा; एकटा फोटो पाहून तो सांगायचा मोह आवरा, नोंदणीवरूनच ठरवा. पंख्याला चार पाती दिसली तर मात्र डीसी-७ कडे वळा. त्यातही डीसी-७सी ची खूण वेगळी आहे. पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी पाच-पाच फुटांची भर घातल्यामुळे आतली इंजिनं अंगापासून लांब गेलेली दिसतात. केबिनमधला आवाज त्यामुळे कमी झाला, आणि वाढीव इंधनामुळे अटलांटिक विनाथांबा पार करता येऊ लागला.

एक सापळा बीओएसी या ब्रिटिश सरकारी कंपनीचा. अंग डीसी-४ सारखं, पण इंजिनांची तोंडं निमुळती, गोल झाकणाऐवजी लांबट. हे आर्गोनॉट, कॅनडात बांधलेलं आणि रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनांचं. फेब्रुवारी १९५२ मध्ये वडिलांच्या निधनानंतर राणी एलिझाबेथ आफ्रिकेतून लंडनला परतल्या त्या याच जातीच्या विमानाने. त्या फोटोंखाली ‘डीसी-४’ वाचायला मिळतं.

आणि प्रोपेलर दिसला म्हणजे पिस्टन इंजिन असं नाही. बारीक, पेन्सिलसारखी चार इंजिनं आणि मोठ्या अंडाकृती खिडक्या असतील तर ते व्हायकाउंट, टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणारं. इंडियन एअरलाइन्सकडे ती १९५७ पासून आली. दारं अंडाकृती असतील तर ७०० मालिका, चौकोनी असतील तर ८००.

प्रिन्सेस आणि राणी यांची सरमिसळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण तीन शेपट्यांचं ते डौलदार विमान दिसलं की माणूस तपासणं थांबवतो. कॉन्स्टलेशन एल-७४९ ची लांबी ९५ फूट, खिडक्या गोल. सुपर कॉन्स्टलेशन एल-१०४९ ची लांबी ११३ फूट ७ इंच, आणि खिडक्या चौकोनी. म्हणजे फोटो कितीही धूसर असला तरी एकच खिडकी नीट दिसली की पुरे. तीही दिसत नसेल तर पंखापुढचा भाग पाहा. सुपरची मान लांब आहे. पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्या असतील तर तीही सुपरचीच खूण, पण टाक्या काढता-घालता येत असल्याने त्या नसणं काहीच सिद्ध करत नाही. नाकावरच्या रडारचंही तसंच: तेच विमान आधी आखूड नाकाचं आणि नंतर लांब नाकाचं सापडू शकतं.

एअर-इंडिया इंटरनॅशनलच्या बाबतीत नावंही मदतीला येतात. ७४९ जातीची विमानं ‘प्रिन्सेस’: मलबार प्रिन्सेस, मुघल प्रिन्सेस, मराठा प्रिन्सेस. १९५४ पासून आलेली सुपर ‘राणी’: राणी ऑफ झाशी वगैरे.

हे माहीत असूनही ‘काश्मीर प्रिन्सेस’च्या लेखात चौकोनी खिडक्यांचं सुपर छापलं जातं. ११ एप्रिल १९५५ ला हाँगकाँगहून निघालेलं, बाँडुंग परिषदेच्या चिनी शिष्टमंडळासाठी ठरवलेलं हे विमान स्फोटानंतर नातुना बेटांजवळ समुद्रात कोसळलं. कप्तान जटार आणि वाचलेले देखभाल अभियंता कर्णिक यांच्यामुळे मराठीत यावर वरचेवर लिहिलं जातं. विमान होतं एल-७४९ए, नोंदणी व्हीटी-डीईपी. खिडक्या गोल हव्यात.

त्याहून मोठा गोंधळ आल्प्समधल्या मों ब्लांचा. त्या डोंगरावर एअर इंडियाची दोन विमानं आदळली. ३ नोव्हेंबर १९५० ला मलबार प्रिन्सेस, व्हीटी-सीक्यूपी, कॉन्स्टलेशन, ४८ जण. २४ जानेवारी १९६६ ला कांचनजंगा, बोइंग ७०७, ११७ जण; होमी भाभा होते ते दुसऱ्यात. भाभांवरच्या लेखात तीन शेपट्यांचं विमान दिसलं तर ते चूक. तिथल्या बोसाँ हिमनदीतून अजूनही दोन्हींचे अवशेष बाहेर येतात, तेव्हा ‘भाभांच्या विमानाचा तुकडा’ म्हणून आलेला फोटो नीट पाहा. थंड होण्यासाठी पातळ चकत्या रचल्यासारखे पत्रे असलेलं नळकांडं म्हणजे पिस्टन इंजिनाचं सिलिंडर. ते १९५० चं. कॉन्स्टलेशनच्या एकेका इंजिनात अशी अठरा, नऊ-नऊच्या दोन रांगांत. ७०७ वर त्यातलं एकही नव्हतं.

आणखी एक किरकोळ गोष्ट. ७४९ च्या पोटाखाली होडीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती वेगळी जात समजू नका. ती स्पीडपॅक, मालाची ३३ फूट लांबीची सुटी पेटी. तिच्यामुळे वेग आणि पल्ला घटायचा, म्हणून लांबच्या फेरीला ती लावत नसत.

‘व्हीटी’ला ‘टीव्ही’ वाचणं

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत. आपल्या नोंदणीची इंग्रजी अक्षरं, व्ही आणि टी, दोन्ही आरशात तशीच दिसतात. त्यामुळे डोळ्याला खटकत नाही, फक्त क्रम उलटतो आणि व्हीटीचं टीव्ही होतं. पुढच्या तीन अक्षरांत ए, एच, आय, एम, ओ यांच्यापैकीच असतील तर फसणं आणखी सोपं. सी, डी, ई, पी यांच्यापैकी एखादं शोधा. त्याचं पोट कुठे आहे यावरून लगेच कळतं.

नोंदणीची तारीख ही फोटोची तारीख नसते. फोटो तिच्याआधीचा असू शकत नाही, एवढंच ती सांगते. डकोटा तर वीस-वीस वर्षं त्याच अक्षरांवर उडाली आणि मधे दोन-तीन मालक बदलले.

यादी करताना म्हणूनच कारखान्याचा बांधणी क्रमांक सोबत लिहा. तो विमान मोडीत निघेपर्यंत बदलत नाही. इथेही एक खड्डा आहे. ओक्लाहोमा सिटीत बांधलेल्या बऱ्याच सी-४७ ना दोन बांधणी क्रमांक मिळाले, जे तिरप्या रेघेने जोडून लिहितात. एका यादीत पहिला, दुसरीत दुसरा घेतला, की एका विमानाची दोन होतात. दोन्ही आकडे दोन रकान्यांत ठेवा.

जागेवरून मालक ठरवणं

१९४९ मध्ये रात्रीची टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करून परतायची. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रांगेत उभ्या विमानांचा रात्रीचा फोटो दिसला तर ती ‘नागपूरची विमानं’ नव्हेत.

मुंबईत जुहू आणि सांताक्रूझ यांची गल्लत होते. १९४८ च्या सुमाराला मुख्य वाहतूक सांताक्रूझला गेली. त्यानंतरच्या मोठ्या चार इंजिनी विमानाखाली ‘जुहू’ असेल तर शंका घ्या. (अपवाद घडायचे. जुलै १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट चुकून जुहूलाच उतरलं होतं. पण ते जेट, आपल्या विषयाबाहेरचं.)

गोव्याचे फोटो पाहताना व्हीटी शोधू नका. १९५५ ते १९६१ दाभोळीहून उडणाऱ्या टीएआयपी या पोर्तुगीज कंपनीची नोंदणी सीआर-आय अशी सुरू व्हायची. तिच्याकडे व्हायकिंग होती, त्यामुळे दाभोळीचं ‘डकोटा’ म्हणून आलेल्या फोटोत पंख कुठे बसलाय ते आधी पाहा.

ताफ्याची बेरीज

‘अमुक कंपनीकडे इतकी विमानं होती’ या वाक्याला तारीख नसेल तर त्याला अर्थ नाही. दहा वर्षांत आलेली सगळी अक्षरं मोजली तर आकडा फुगतो, कारण पडलेली, विकलेली आणि सुट्या भागांसाठी उघडलेली विमानंही त्यात येतात. एक तारीख धरा आणि त्या दिवशी कोणतं विमान कुणाच्या नावावर होतं तेच मोजा.

१९५३ ची बेरीज हमखास चुकते. आठ कंपन्यांच्या याद्या एकाखाली एक मांडून त्यात पुन्हा इंडियन एअरलाइन्सची यादी मिळवली जाते आणि तीच विमानं दोनदा येतात. ताळा करायला आकडा हाताशी आहे. इंडियन एअरलाइन्सची सुरुवात ९९ विमानांनी झाली: ७४ डीसी-३, १२ व्हायकिंग, ३ डीसी-४, आणि उरलेली दहा लहानसहान जातींची. तुमच्या यादीत डीसी-३ नव्वदच्या वर गेली असतील तर आधी ते तिरप्या रेघेचे बांधणी क्रमांक तपासा.